इंजिनावर चालणारा घरगुती कॉम्प्रेसर

रावेर-सावद्याकडे केळीच्या मळ्यांत शिरणाऱ्या पिकअपला बांधावरचा बाभळीचा काटा हमखास गाठतो. पंक्चर ड्रायव्हर स्वतः काढतो, पण गाडं अडतं ते हवेपाशी. ट्रकवाल्याला ही अडचण नाही. त्याचे ब्रेकच हवेवर चालतात, त्यामुळे इंजिनाला जोडलेला कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी गाडीतच असते. टाकीला नळी लावली की टायर भरता येतो. पिकअप किंवा जीपचे ब्रेक तेलाचे असतात, म्हणून तिथे ही सोय आपल्याला करावी लागते.

त्यासाठी सगळ्यात स्वस्त सामान म्हणजे भंगारात निघालेल्या कारचा एसी कॉम्प्रेसर. पट्ट्यावर फिरणारी पुली आणि करंट दिला की त्या पुलीला कॉम्प्रेसरशी जोडणारा १२ व्होल्टचा चुंबकी क्लच त्यात आधीपासूनच असतो. गाडीतून काढताना आतला गॅस मात्र हवेत सोडू नका, एसी मिस्त्रीकडून यंत्राने काढून घ्या. बऱ्याच गाड्यांच्या एसीत असणारा आर-१३४ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापमान वाढवतो.

एसीत तेल गॅसबरोबर फिरतं आणि पुन्हा कॉम्प्रेसरमध्ये येतं. हवा ओढायला लागल्यावर ते हवेबरोबर निघून जातं, परत येत नाही. बहुतेक कारच्या कॉम्प्रेसरला तेलाचा वेगळा साठा नसतो, त्यामुळे थोड्याच वेळात तो कोरडा पडून जाम होतो. म्हणून हवा आत येते तिथे फिल्टर आणि थेंबथेंब तेल सोडणारा ऑइलर लावा, तर ती बाहेर पडते तिथे तेल अडवणारा सेपरेटर.

खानदेशात याहून मोठा प्रश्न उष्णतेचा. १०० पौंड (दर चौरस इंचाला) दाब म्हणजे हवा जवळपास आठपट दाबली गेली. दाबली की हवा तापतेच. उष्णता बाहेर जायला वावच मिळाला नाही, तर थंडीतली १५ अंशांची हवा २४५ अंशांपर्यंत चढते आणि मे महिन्यातली ४५ अंशांची हवा ३०० अंशांच्या आसपास. बाहेर फरक ३० अंशांचा, आत ५० हून जास्त! प्रत्यक्षात बरीच उष्णता धातूच्या अंगातून निघून जाते, तरीही बाहेर पडणाऱ्या पाइपला हात लावायची सोय नसते. पहिला दीड-दोन मीटरचा पाइप तांब्याचाच ठेवा. रबरी नळी तिथे टिकणार नाही, आणि जास्त तापलं तर तेलही जळून झडपांवर काजळी धरेल. उन्हाळ्यात सलग टायर भरू नका, मध्ये थांबा.

कॉम्प्रेसरवर काटकसर केली तरी चालेल, टाकीवर मुळीच नको. २० लिटरच्या टाकीत १०० पौंडांवर निदान १० हजार ज्यूल ऊर्जा साठते. ५० किलोची गोणी २० मीटर उंच नेण्याइतकी! टाकी फुटली तर ही सगळी ऊर्जा एका क्षणात सुटते. पीव्हीसी पाइपची टाकी तर कधीच करू नये, ती फुटताना धारदार तुकडे उडतात. ट्रकच्या एअर ब्रेकची टाकी या कामाला योग्य, पण जुनी असेल तर आधी पाण्याने तपासून घ्यावी. हवेचा बुडबुडाही न ठेवता ती पाण्याने काठोकाठ भरायची आणि हातपंपाने दाब १८० पौंडांपर्यंत न्यायचा. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही, त्यामुळे त्यात साठणारी ऊर्जा अगदी थोडी, मोजक्या ज्यूलांची. सांधा सुटला तरी नुसती चिळकांडी उडते, स्फोट होत नाही.

पुढे प्रेशर स्विचने क्लच १०० पौंडांवर बंद आणि ७५ वर चालू होईल असं बसवा. क्लचची वायर रिलेतूनच (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घ्या. स्विच अडकला तर वाचवणारा १२० पौंडांचा सेफ्टी व्हॉल्व्ह थेट टाकीवर हवा, आणि त्याच्या आधी कुठलाही कॉक नको.

टाकीच्या तळाला निचऱ्याचा कॉक लावा. दाबलेली हवा थंड झाली की तिच्यातली बरीचशी वाफ पाणी होऊन तळाशी बसते आणि टाकी आतून गंजू लागते. पावसाळ्यात हा कॉक रोज उघडा. पाणी तांबूस येऊ लागलं, की टाकी पुन्हा पाण्याने तपासायची वेळ झाली.