धूम्रपानमुक्त विद्यापीठ परिसर

विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या संपूर्ण हद्दीत, इमारतींच्या आत आणि बाहेरच्या मोकळ्या जागेतही, सिगारेट, विडी व तत्सम तंबाखूजन्य पदार्थ ओढण्यास मनाई करणारे संस्थेचे धोरण. वर्गखोल्या, प्रयोगशाळा, ग्रंथालये, उपाहारगृहे, वसतिगृहे, मैदाने, वाहनतळ आणि अंतर्गत रस्ते हे सर्व त्याच्या कक्षेत येते. विद्यार्थी, अध्यापक, कर्मचारी, कंत्राटी कामगार आणि पाहुणे यांना ते सारखेच लागू असते. तंबाखू खाणे, मळणे आणि थुंकणे यांवरही बंदी असेल, तर अशा परिसरास तंबाखूमुक्त परिसर म्हणतात.

या धोरणामागचा पहिला आधार वैद्यकीय आहे. ओढणाऱ्याच्या फुप्फुसांतून बाहेर पडणारा धूर आणि दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात सिगारेटच्या जळत्या टोकातून थेट हवेत मिसळणारा धूर असे दोन्ही धूर शेजारच्या माणसाच्या श्वासात जातात. त्यांपैकी दुसरा तर फिल्टरमधून गेलेलाही नसतो. या परोक्ष धूम्रपानाची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलांनी, म्हणजे तेथील सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्यांनी, 2006 च्या अहवालात नोंदवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रणविषयक आराखडा कराराचे आठवे कलम याच धुरापासून संरक्षण देण्यासंबंधी आहे. त्या कलमाची 2007 मधील मार्गदर्शक तत्त्वे असे स्पष्ट सांगतात की, पंखे, खिडक्या किंवा हवा शुद्ध करणारी यंत्रे बसवून हे संरक्षण मिळत नाही. भारताने या कराराला फेब्रुवारी 2004 मध्ये अनुसमर्थन दिले.

भारतातील बंदीची वाट न्यायालयांतून गेली. केरळ उच्च न्यायालयाने 1999 मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध निकाल दिला. त्यानंतर मुंबईचे राजकीय नेते मुरली देवरा यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2001 रोजी आदेश देऊन सभागृहे, रुग्णालये, शैक्षणिक संस्था, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कार्यालये आणि सार्वजनिक वाहने यांत धूम्रपानास मनाई केली. गोव्याने त्याआधीच, 1997 मध्ये, धूम्रपान आणि थुंकणे या दोहोंना प्रतिबंध करणारा स्वतःचा कायदा संमत केला होता. धूर आणि थुंकी यांचा एकाच कायद्यात विचार करणारी ही दृष्टी आपल्या भागातील वास्तवाला अधिक धरून होती, असे म्हणावे लागते.

केंद्रीय कायदा, म्हणजे सिगारेट व इतर तंबाखूजन्य उत्पादने अधिनियम, 2003 मध्ये संमत झाला. त्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी घातली असून दंडाची कमाल मर्यादा 200 रुपये आहे. 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेल्या नियमांनी ही बंदी प्रत्यक्षात राबवण्याची जबाबदारी त्या जागेच्या प्रमुखावर टाकली. प्रवेशद्वाराशी किमान 60 सेंटिमीटर लांब व 30 सेंटिमीटर रुंद फलक लावणे, तक्रार कोणाकडे करावी त्याचे नाव त्यावर लिहिणे आणि राखदाणी, काडेपेटी, लायटर यांसारख्या धूम्रपानास साहाय्यभूत वस्तू तेथे ठेवू न देणे ही त्याची कर्तव्ये आहेत. आलेल्या तक्रारीवर त्याने कारवाई केली नाही, तर जितके गुन्हे घडले तितका दंड त्याच्यावर बसू शकतो. शैक्षणिक संस्थेच्या प्रमुखाला आपल्या हद्दीत दंड आकारण्याचा अधिकारही या नियमांनी दिला आहे.

मात्र कायद्याची पकड इमारतीच्या उंबरठ्यावर सैल होते. मूळ अधिनियमाच्या व्याख्येत शैक्षणिक संस्थांचा सार्वजनिक ठिकाण म्हणून स्पष्ट उल्लेख आहे, परंतु त्याच व्याख्येतून ‘उघडी जागा’ वगळलेली आहे. 2008 च्या नियमांनी खुली प्रेक्षागृहे, क्रीडांगणे, रेल्वे स्थानके, बसथांबे आणि लोकांची ये-जा असलेली अशीच इतर ठिकाणे या सवलतीतून काढून घेतली. तरीही विभागामागच्या झाडाखालचा पार, वसतिगृहाची गच्ची किंवा दोन इमारतींमधली पायवाट यांबाबत वादाला जागा उरतेच. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा गणेशखिंड येथील परिसर 400 एकरांहून मोठा आहे आणि त्यातला बराचसा भाग झाडी, रस्ते व मोकळ्या जागा यांनी व्यापलेला आहे. अशा विस्तीर्ण परिसरात केवळ इमारतींपुरती बंदी घातली, तर ओढणारे दारातून बाहेर येऊन खिडकीखाली उभे राहतात आणि धूर पुन्हा वर्गातच शिरतो. संपूर्ण हद्द धूम्रपानमुक्त करणाऱ्या स्वतंत्र धोरणाची गरज नेमकी येथे निर्माण होते. वसतिगृहाची खोली हा त्याहून नाजूक भाग आहे. ती विद्यार्थ्याचे तात्पुरते घर असली, तरी तेथे त्याच्यासोबत दुसराही कोणी राहत असतो. म्हणून धोरणात खोल्यांचा वेगळा उल्लेख केलेला असावा, म्हणजे रेक्टरला वा अधीक्षकाला संदिग्ध नियमांचा आधार घ्यावा लागत नाही.

हद्दीबाहेरचा प्रश्न टपरीचा आहे. अधिनियमाच्या सहाव्या कलमानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत आणि कोणत्याही शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांच्या, म्हणजे सुमारे 91 मीटरच्या, त्रिज्येत त्यांची विक्रीच करता येत नाही. हे अंतर संस्थेच्या कुंपणाच्या बाहेरील कडेपासून मोजायचे असते, मुख्य इमारतीपासून किंवा फाटकापासून नव्हे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थांसाठीच्या 2019 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार ही मर्यादा रस्त्यावर पिवळी रेषा मारून दाखवली जाते. प्रत्यक्षात अनेक महाविद्यालयांच्या फाटकासमोरच कटिंग चहाची टपरी असते. तिच्या खांबाला दोरीने लायटर टांगलेला असतो आणि डब्यातून एकेक सिगारेट सुटी विकली जाते. अख्खे पाकीट घेण्याची ऐपत नसलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला ही सुटी सिगारेटच पहिल्यांदा हाती लागते. पाकिटाच्या 85 टक्के भागावर छापलेला सचित्र इशारा मात्र त्याच्या नजरेला पडतच नाही. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर 2020 मध्ये सुट्या सिगारेटी व विड्या विकण्यावर बंदी घातली ती याच कारणाने. विद्यापीठाच्या सुरक्षारक्षकाला रस्त्यावरच्या टपरीवर कारवाई करता येत नाही, त्यामुळे महानगरपालिका, पोलीस आणि अन्न व औषध प्रशासन यांच्याशी सतत पाठपुरावा केल्याविना परिसराचे धोरण अर्धवटच राहते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर केवळ धूर रोखून भागत नाही. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 2016-17 मध्ये केलेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील 15 वर्षांवरील 26.6 टक्के लोक तंबाखूचे सेवन करणारे आढळले. एकूण लोकांत ओढणारे 3.8 टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे 24.4 टक्के; काही जण दोन्ही करणारे होते. मळलेली तंबाखू, मावा, मिश्री, विदर्भातला खर्रा आणि 2012 पासून राज्यात बंदी असूनही मिळणारा गुटखा ही येथील खरी व्यसने आहेत. त्यांच्या खुणा महाविद्यालयाच्या जिन्यात दिसतात. वळणावरच्या कोपऱ्यात गुडघ्याच्या उंचीपर्यंत पिचकाऱ्यांचे लाल-तपकिरी थर चढलेले असतात, आणि ते थांबावेत म्हणून कोठे कोठे देवादिकांच्या फरश्या बसवलेल्या आढळतात. त्यामुळे केंद्राच्या सूचनांमध्ये थोटके आणि थुंकीचे डाग या दोन्ही खुणांचा अभाव हा तंबाखूमुक्त संस्थेचा निकष धरला आहे, हे योग्यच आहे. ज्या धोरणाच्या नावात फक्त ‘धूम्रपान’ आहे, ते येथील बहुसंख्य सेवनकर्त्यांना स्पर्शच करत नाही.

संपूर्ण परिसर व्यापणाऱ्या धोरणाचे मोठे उदाहरण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे आहे. तत्कालीन अध्यक्ष मार्क युडॉफ यांनी जानेवारी 2012 मध्ये दोन वर्षांची मुदत देऊन दहाही परिसरांना तयारी करण्यास कळवले आणि 2014 च्या आरंभापासून धोरण लागू झाले. वाहनतळांसह सर्व मोकळ्या जागा, चघळण्याची तंबाखू आणि इलेक्ट्रॉनिक सिगारेट यांचाही त्यात समावेश होता आणि भर दंडापेक्षा समजावण्यावर होता. भारतात इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांवर 2019 पासून कायद्यानेच बंदी आहे, तरी धोरणात तिचे नाव घेणे इष्ट असते.

निकोटिनचे व्यसन फलक वाचून सुटत नाही. सोडताना चिडचिड, अस्वस्थता, एकाग्रता न होणे असे त्रास होतात, आणि परीक्षेच्या दिवसांत ते सोसणे विद्यार्थ्याला विशेष जड जाते. म्हणून आरोग्य केंद्रात समुपदेशन, निकोटिनयुक्त च्युइंगगम किंवा पट्ट्या यांची सोय आणि मदत मागणाऱ्याचे नाव गुप्त राखण्याची हमी हे धोरणाचे आवश्यक अंग मानले पाहिजे. ज्या संस्था फक्त दंडाची पावती फाडतात, त्या व्यसनी विद्यार्थ्याला फाटकाबाहेरच्या टपरीवर पाठवण्यापलीकडे काही साधत नाहीत. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी 1800-112-356 ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा 2016 मध्ये सुरू झाली आणि तिचा क्रमांक 2018 पासून तंबाखूच्या पाकिटांवरही छापला जाऊ लागला. ही सेवा ज्या वल्लभभाई पटेल वक्षरोग संस्थेत सुरू झाली, ती दिल्ली विद्यापीठाच्याच परिसरात आहे.