इंटरनेट नसलेल्या खोलीसाठी लिनक्सची पेटी

सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बडोद्यात आणले आणि त्यानंतर येथून पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या संस्थानातील गावोगावी जाऊ लागल्या. कादंबरीचा पहिला भाग पेटीत आणि दुसरा बडोद्याच्या कपाटात राहिला, तर गावातल्या वाचकाचा इलाज खुंटतो. दांडिया बाजारातील एका मराठी मंडळाच्या वाचनालयातल्या सहा जुन्या संगणकांवर लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी प्रणाली बसवण्याचे काम मी अंगावर घेतले, तेव्हा नेमकी हीच चूक माझ्या हातून झाली.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि हे संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हते. खोलीत इंटरनेट नव्हते. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराचा छोटा इन्स्टॉलर, म्हणजे प्रणाली बसवून देणारा प्रोग्राम, पाया तेवढा सोबत आणतो आणि उरलेले सामान इंटरनेटवरून ओढतो. मोठी तयार इमेजही, म्हणजे सगळे सामान एकत्र भरलेली एकच फाइल, मिळते, परंतु तिच्यात कोणत्या पॅकेजना (बसवायला तयार अशा प्रोग्रामच्या गठ्ठ्यांना) जागा मिळावी हे बव्हंशी जगभरच्या सर्वसाधारण वापरावरून ठरते. मला लिबरऑफिस, त्याचे मराठी मेनू, देवनागरी फॉन्ट, इनस्क्रिप्ट कळफलक आणि प्रिंटरची सोय हवी होती. तेव्हा स्वतःची आयएसओ इमेज, म्हणजे सीडीच्या मांडणीतली तशी फाइल, बांधणे आले.

डेबियन १३ मध्ये सुमारे ७०,००० पॅकेजे आहेत आणि त्यांतले क्वचितच एखादे एकट्याने उभे राहते. लिबरऑफिस रायटर मागितले की त्याचा गाभा असलेले दुसरे पॅकेज लागते, त्या गाभ्याला फॉन्ट शोधून देणारे तिसरे लागते, आणि अशी साखळी शेवटी सी भाषेच्या मूळ लायब्ररीपर्यंत जाऊन टेकते. ही साखळी सोडवण्याचे काम ॲप्ट हा प्रोग्राम करतो. मी माझ्या लॅपटॉपवर ॲप्टला ‘फक्त उतरवून ठेव’ असे सांगितले आणि मिळालेल्या फाइली इमेजमध्ये भरल्या. वाचनालयातल्या पहिल्याच संगणकावर स्थापना अर्ध्यात थांबली. कारण शोधायला एक संध्याकाळ गेली, आणि सापडले तेव्हा स्वतःचेच हसू आले: ॲप्टने साखळी अचूक सोडवली होती, पण माझ्या लॅपटॉपच्या दृष्टीने. जे माझ्याकडे आधीपासून होते, ते त्याने उतरवलेच नव्हते.

यादी काढायची ती कोऱ्या यंत्राच्या दृष्टीने. त्यासाठी लॅपटॉपवरच एका वेगळ्या फोल्डरमध्ये किमान डेबियन उभे करता येते. ॲप्टला तेवढेच जग दिसते आणि मग तो प्रत्येक कडी मोजतो. गणिताच्या भाषेत हा संच ‘बंदिस्त’ असावा लागतो, म्हणजे त्यातील कोणत्याही घटकाची गरज त्या संचाबाहेर जाता कामा नये. सिंपल-सीडीडी नावाचे साधन हे काम बरेचसे आपोआप करते, आणि नव्याने शिकणाऱ्याने त्यापासूनच सुरुवात करावी असे माझे मत आहे.

नुसत्या फाइलींचा ढीगही पुरत नाही. पॅकेजांची एक सूची लागते, तिच्यात प्रत्येक फाइलचा ठसा, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला २५६ बिटांचा आकडा, नोंदलेला असतो. सूचीचा ठसा ‘रिलीज’ नावाच्या फाइलमध्ये असतो आणि डेबियनच्या मूळ भांडारातल्या त्या फाइलवर डेबियनची डिजिटल सही असते. एका सहीवर हजारो फाइलींची खातरजमा होते, आणि फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ठसा जुळत नाही.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. सीडीसाठी ठरलेल्या आयएसओ ९६६० या मांडणीत पहिले ३२,७६८ बाइट, म्हणजे २,०४८ बाइटांचे १६ कप्पे, मोकळे सोडलेले असतात. सतराव्या कप्प्यात, एका बाइटनंतर, सी, डी, शून्य, शून्य, एक ही पाच रोमन चिन्हे येतात आणि खरी मांडणी तेथून सुरू होते. जुन्या बायोसला, म्हणजे संगणक चालू होताच आधी जागा होणाऱ्या अंगभूत प्रोग्रामला, मात्र पेनड्राइव्हच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत सुरुवातीचा प्रोग्राम हवा असतो, आणि त्यांतले शेवटचे दोन बाइट षोडशमान पद्धतीत ५५ आणि एए असावे लागतात. सीडीने मोकळ्या सोडलेल्या ओसरीवर पेनड्राइव्हचा हा बिऱ्हाडकरू आरामात मावतो, म्हणून झॉरिसो या साधनाने बांधलेली एकच फाइल दोन्हीकडे चालते. हेच कारण आहे की ती फाइल पेनड्राइव्हवर नेहमीसारखी कॉपी करून काही होत नाही. ती पहिल्या बाइटपासून जशीच्या तशी लिहावी लागते. मंडळाच्या चिटणीस काकांनी ती दोनदा ओढून टाकली आणि ‘‘अहो, फाइल तर दिसतेय!’’ म्हणून मला फोन केला.

इन्स्टॉलर विचारतो त्या प्रश्नांची उत्तरे प्रीसीड नावाच्या साध्या मजकूर फाइलमध्ये आधीच लिहून ठेवता येतात: भाषा मराठी, वेळ कोलकात्याची, पॅकेजे अमुक. डिस्कच्या विभाजनाचा प्रश्न मी मुद्दाम कोरा ठेवला. तेही उत्तर लिहिले असते तर सहा संगणक बिनबोभाट तयार झाले असते, पण एखाद्या डिस्कवर सभासदांच्या जुन्या नोंदी असत्या तर त्याही तितक्याच बिनबोभाट गेल्या असत्या.

दुसऱ्या खेपेला मी वाचनालयात जाण्याआधी क्यूईएमयू या प्रोग्राममध्ये एक आभासी संगणक उभा केला, त्याचे नेटवर्क कार्ड काढून टाकले आणि इमेज तेथे बसवून पाहिली. नेटवर्क चालू ठेवून केलेली चाचणी येथे फसवी ठरते, कारण राहून गेलेले पॅकेज इन्स्टॉलर गुपचूप बाहेरून आणू शकतो आणि पेटीतली उणीव दिसतच नाही. डेबियनची सुधारित उपआवृत्ती साधारण दर दोन महिन्यांनी येते, तेव्हा इमेज पुन्हा बांधावी लागते. म्हणून काकांकडे दिलेल्या पेनड्राइव्हला चिकटपट्टी लावून तिच्यावर मी बांधणीची तारीख लिहून ठेवली आहे.