गोळीची सुट्टी: एडीएचडीच्या औषधावरच्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

वार्षिक परीक्षा संपत आल्या की कोल्हापुरात लहान मुलांच्या मानसोपचाराच्या ओपीडीत एकच प्रश्न फिरू लागतो. एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलपणाच्या विकाराची गोळी मे महिन्यात बंद ठेवायची का? विचारणाऱ्या आईबापांना मुलाचं वर्गातलं बसणं सुधारल्याचं समाधान असतं. तक्रार असते ती खाण्याची. ‘पोरगं वाळलं की ओ,’ हे आजीचं वाक्य त्यांच्याआधी तपासणीच्या खोलीत पोचलेलं असतं. ज्या गावात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून घेऊन तिथंच पेला रिकामा करतात आणि तालमीतल्या पोराच्या खुराकाची चर्चा चारचौघांत होते, तिथं जेवणाला नको म्हणणारं मूल ही घरातली खाजगी गोष्ट राहत नाही. गल्ली विचारते.

या औषधांची सुरुवातच एका दुष्परिणामाच्या इलाजातून झाली. १९३७ साली अमेरिकेतल्या एका मुलांच्या रुग्णालयात मेंदूच्या तपासणीनंतर उठणारी डोकेदुखी थांबावी म्हणून ॲम्फेटामाइन हे मेंदूला उत्तेजना देणारं औषध दिलं गेलं. डोकेदुखीवर फारसा उपयोग झाला नाही, पण मुलं अभ्यासाला बसू लागली. मिथिलफेनिडेट हे त्याच जातीचं औषध १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तयार झालं आणि दहा वर्षांनी बाजारात आलं. याच काळात ॲम्फेटामाइन मोठ्या माणसांना वजन उतरवण्यासाठी सर्रास विकलं जात होतं. म्हणजे आज आईला जी भीती वाटते, ती भूक मरणं, तेव्हा विकण्याचा मुद्दा होता. मुलांच्या बाबतीत तिची दखल घ्यायला मात्र १९७० चं दशक उजाडावं लागलं.

१९७२ मध्ये अमेरिकेतल्या एका निबंधाने दाखवलं, की ही औषधं सलग घेणाऱ्या मुलांचं वजन आणि उंची वाढण्याचा वेग मंदावतो. त्याच मंडळींनी १९७५ मध्ये सांगितलं, की औषध थांबवलं की वाढ पुन्हा जोर धरते. तिथल्या शाळांना उन्हाळ्यात लांब सुट्टी, मग गोळीलाही द्या, असा सरळ हिशोब झाला. सुट्टीचा जन्म असा फूटपट्टीवर झाला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्याकडे ती पोचली तेव्हा फूटपट्टी वाटेतच कुठंतरी राहिली. इथं गोळी थांबते ती ‘सवय लागेल’ या धास्तीने, नाहीतर ‘शाळा नाही, मग गोळी कशाला’ या व्यवहाराने. मुलाची उंची कुणी मोजलेलीच नसते.

वाद अजून मिटलेला नाही. सात ते नऊ वर्षांच्या ५७९ मुलांवरचा मोठा अमेरिकी अभ्यास १९९९ मध्ये आला. त्यातल्याच मुलांची पुढची नोंद २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन वर्षं औषध घेणारी मुलं न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे २ सेंटीमीटरने बुटकी भरली. ‘नंतर सगळं भरून निघतं’ असं जे ठामपणे सांगितलं जायचं, त्याला तिथं तडा गेला. दुसऱ्या बाजूला, २००४ मध्ये ब्राझीलमधल्या ४० मुलांवरच्या छोट्या अभ्यासात शनिवार-रविवार गोळी वगळल्यावर भूक आणि झोप सुधारली, आणि सोमवारी वर्गात गोंधळही वाढला नाही. मुलं थोडी, काळ महिन्याभराचा, तरी रविवारच्या सुट्टीचे समर्थक आजही त्याचाच आधार घेतात. ब्रिटनच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना मधली वाट धरतात: उंचीवर ठळक परिणाम दिसत असेल तर शाळेच्या सुट्टीत ठरवून खंड घेण्याचा विचार करा. दहा वर्षांपर्यंतच्या मुलाचं वजन दर तीन महिन्यांनी आणि सगळ्याच मुलांची उंची दर सहा महिन्यांनी मोजायला त्या सांगतात. प्रस्तुत लेखकाला हीच बाजू पटते, हे लपवण्यात अर्थ नाही.

मधल्या काळात ही औषधं हृदयाला धोक्याची असल्याची भीती येऊन गेली. २००५ मध्ये कॅनडाने ॲम्फेटामाइनचं एक औषध काही महिने बाजारातून काढलं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या सल्लागार समितीने कडक इशाऱ्याची शिफारस ८ विरुद्ध ७ मतांनी केली. २०११ मध्ये १२ लाखांहून अधिक मुलं आणि तरुणांच्या नोंदी तपासल्यावर गंभीर हृदयविकाराचा धोका वाढलेला आढळला नाही. घरात लहान वयात हृदयविकाराने कुणी गेलं असेल तर ते सांगायलाच हवं, नाडी आणि रक्तदाबही बघायला हवा. पण सरसकट ईसीजीचा आग्रह तिथंही टिकला नाही.

आपल्याकडे सुट्टीचा निर्णय पुष्कळदा डॉक्टरही घेत नाही आणि घरही घेत नाही. तो मेडिकल दुकानात होतो. मिथिलफेनिडेट हे शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या सरकारी यादीतलं औषध. दुकानाला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. एवढी कटकट सगळे दुकानदार पत्करत नाहीत. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याची छाया आहेच. आजरा-चंदगडहून एसटीने आलेला बाप ‘स्टॉक नाही, सोमवारी या’ ऐकून परत गेला की मुलाला आपोआप सुट्टी. मग गोळीशिवाय गेलेल्या त्या आठवड्यात शाळेतून डायरीत शेरा येतो, आणि ‘औषध बंद केलं की मूल बिघडतं, म्हणजे सवय लागलीच’ असा उलटा अर्थ घरात पक्का होतो.

रविवारच्या सुट्टीत आणखी एक गफलत होते. मिथिलफेनिडेटची साधी गोळी चार तासांत उतरते, त्यामुळे एक दिवस वगळला तर बिघडत नाही. याच विकारावरच्या ॲटोमॉक्सेटीन या दुसऱ्या औषधाचं तसं नाही. ते रोज घेतलं तरच चालतं, गुण यायलाही काही आठवडे लागतात. शेजारच्या मुलाला रविवारी सुट्टी म्हणून यालाही दिली, तर पदरात काहीच पडत नाही. क्लोनिडीन हे तिसरं औषध अचानक बंद केलं तर रक्तदाब उसळू शकतो, तिथं घरच्या घरी सुट्टी हा शब्दही काढू नये.

सुट्टीच्या आधी बघायचं ते जेवणाचं वेळापत्रक. चौथीतल्या मुलाचा डबा संध्याकाळी उघडला तर पोळीची घडी सकाळसारखीच, भेंडी चिवट झालेली, फक्त लोणच्याची फोड गायब. दुपारी भूक नसते, रागावून ती येत नाही. दिवसभर चालणारी गोळी असेल तर ती सहाच्या सुमाराला उतरते, चिडचिड होते आणि त्याच वेळी भूक खवळते. तेव्हा समोर भडंगाचा डबा आला तर पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. भाकरी, अंडं, दूध असं खरं जेवण त्या वेळेला हवं, नऊच्या पंगतीची वाट न बघता. गोळी पोटभर न्याहारीनंतर, दुपारच्या डब्यात तुपाची पोळी किंवा शेंगदाण्याचा लाडू. २०२४-२५ पासून चौथीपर्यंतची शाळा नऊच्या आधी भरवायची नाही असं ठरलं, त्याने न्याहारीला वेळ मिळाला. पाचवीपुढे सकाळच्या शाळेला जाणारी मुलं मात्र अजून चहा-बिस्किटावर गोळी घेतात. मूल जेवतं, पण दिवसभर मरगळून बसतं, तर ते गुण आल्याचं लक्षण नाही, डोस जास्त झाल्याचं असू शकतं.

मे महिन्यात गोळी थांबवण्याच्या बाजूने उंची-वजन बोलतं. विरुद्ध बाजूला लग्नसराई आहे, गावची जत्रा आहे, पंचगंगेत पोहायला जाणारा घोळका आहे आणि रस्त्यावरची सायकल आहे. न थांबणारं मूल घसरतं, पडतं, ते सुट्टीतच जास्त. म्हणून थांबवायचंच ठरलं तर एप्रिलअखेरीस उंची-वजन मोजून फाईलवर लिहून घ्यायचं, जूनमध्ये शाळा उघडण्याआधी त्याच काट्यावर पुन्हा मोजायचं, आणि गोळी पुन्हा कितीपासून सुरू करायची हे त्याच दिवशी डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं. चिठ्ठीच्या दोन्ही प्रती हातात असतील तर दुकानातून निदान पहिल्याच खेपेला परत यावं लागत नाही.