सतरा मे (नॉर्वेचा संविधान दिन)

नॉर्वेचा राष्ट्रीय दिन. १७ मे १८१४ रोजी आइड्सवॉल येथे जमलेल्या ११२ प्रतिनिधींच्या सभेत देशाच्या राज्यघटनेवर सह्या झाल्या, त्याची ही आठवण. नॉर्वेजियन लोक या दिवसाला नुसते ‘सित्तेंदे माय’, म्हणजे ‘सतरावा मे’ म्हणतात.

बाहेरचे लोक याला हमखास स्वातंत्र्यदिन समजतात. तो तसा नाही. १८१४ च्या जानेवारीत कीलच्या तहाने डेन्मार्कने नॉर्वे स्वीडनच्या राजाला देऊन टाकला होता. ते न जुमानता नॉर्वेजियनांनी घटना लिहिली, स्वतःचा राजाही निवडला. पण त्याच उन्हाळ्यात छोटेसे युद्ध हरून नोव्हेंबरात त्यांना स्वीडनच्या राजाखाली जावे लागले. घटना मात्र दुरुस्त्यांसह टिकली. हे संयुक्त राज्य १९०५ पर्यंत चालले आणि तोवर ‘हे आमचे’ म्हणावे अशी मोठी गोष्ट ती घटनाच होती.

साहजिकच स्वीडनचा राजा कार्ल योहान याला हा उत्सव खुपत असे. १८२८ साली त्याने तो बंद करवला. पुढच्याच वर्षी १७ मे रोजी क्रिस्तियानियाच्या (आताचे ओस्लो) चौकात लोक जमले आणि त्यांना पांगवायला घोडदळ आणावे लागले. त्या गर्दीत तरुण कवी हेन्रिक वेर्गेलँडही होता. जर्मन अंमलातही (१९४०–४५) उत्सवावर बंदी होती.

आज या दिवसाचे मानकरी शाळकरी मुले. भारताचा २६ जानेवारीही घटनेचाच दिवस, पण तिथे डोळ्यांत भरते ते लष्करी संचलन. इथे मुलांची मिरवणूक. ही प्रथा राजधानीत १८७० साली लेखक ब्यर्न्स्टयेर्ने ब्यर्न्सन याच्या पुढाकाराने रुजली. सुरुवातीला फक्त मुलगे चालत. मुलींना १८८९ मध्ये प्रवेश मिळाला. शाळांचे बँड वाजवत, हातातले झेंडे हलवत मुले राजवाड्यासमोरून जातात आणि राजघराणे सज्जातून तासन्‌तास हात हलवत उभे असते. मोठी माणसे ‘बुनाद’ हा आपापल्या प्रांताचा भरतकामाचा पोशाख घालतात. आइस्क्रीम आणि सॉसेज यांना त्या दिवशी घरात कोणी नाही म्हणत नाही. लाल-निळ्या डगल्यांतले बारावीच्या वयाचे विद्यार्थी आपल्या नावाची गमतीदार कार्डे वाटतात, आणि ती गोळा करायला लहानग्यांची झुंबड उडते.

या घटनेला एक डागही होता: दुसऱ्या कलमाने ज्यूंना देशात प्रवेशबंदी होती. ती उठवण्यासाठी वेर्गेलँड अखेरपर्यंत झगडला. तो १८४५ मध्ये वारला आणि बंदी उठली १८५१ मध्ये. त्याच्या थडग्यावरचे स्मारक १८४९ साली नॉर्वेबाहेरच्या ज्यूंनी उभारले, तेव्हा कायद्याने त्यांना देशात पाऊल ठेवता येत नव्हते. दर सतरा मेला ओस्लोचा ज्यू समाज तिथे पुष्पचक्र वाहतो.