लदीन

लदीन : गोव्यातील कॅथलिक ख्रिस्ती समाजात घरी, कपेलात (छोट्या प्रार्थनामंदिरात) किंवा वाड्यावरच्या खुरसापाशी (क्रुसापाशी) संध्याकाळी सर्वांनी मिळून गायची विनवणीची प्रार्थना. पोर्तुगीज ‘लादाइन्या’वरून हे नाव आले. शब्दाचे मूळ ग्रीक असून तेथेही अर्थ याचना असाच आहे. लग्न, नवे घर, सांजांव (संत जॉनचा सण) अशा प्रसंगी लदीन होते. दुखणे लांबले किंवा जहाजावर गेलेल्या तारवट्याची (खलाशाची) काळजी लागली, तरीही होते. नवसाला गोव्यात ‘आंगवण’ म्हणतात. ती बोलणे आणि फेडणे, दोन्हीला लदीन चालत असल्याने नुसत्या गाण्यावरून घरात सुख आहे की संकट, हे शेजारच्या वाड्याला सांगता येत नाही.

गायची संहिता मुख्यतः इटलीतील लोरेटो येथील लॅटिन मारियास्तुतीची; मारिया म्हणजे येशूची आई. पोप पाचवा सिक्स्तुस याने तिला १५८७ मध्ये मान्यता दिली. तीत मारियेला पन्नासहून अधिक नावांनी हाक मारली जाते आणि प्रत्येक हाकेला जमाव ‘ओरा प्रो नोबिस’ (आमच्यासाठी विनव) असे उत्तर देतो. कोकणातल्या गाऱ्हाण्यातले ‘व्हय म्हाराजा’ ज्याने ऐकले आहे, त्याला ही लय परकी वाटणार नाही. नावांचा क्रमही पाहण्याजोगा आहे. बराच वेळ निव्वळ स्तुती चालते : गूढ गुलाब, हस्तिदंती मनोरा, सोन्याचे घर, स्वर्गाचे दार. मग ‘स्तेला मातुतिना’, म्हणजे पहाटेचा तारा, आणि त्याला लागूनच ‘सालुस इन्फिर्मोरुम’, आजाऱ्यांचे आरोग्य. पुढे पाप्यांचा आसरा, दुःखितांचे सांत्वन. मागणे असे स्तुतीच्या पोटातून येते. आजाऱ्याचे नाव घ्यावेच लागत नाही.

लॅटिन फार थोड्यांना कळत असे. चर्चला जोडलेल्या शाळांतून मेस्त (संगीतशिक्षक) मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. त्यामुळे दोन-तीन आवाजांत गाणारे लोक खेडोपाडी तयार झाले. बाकीचे जीभ वळेल तसे उत्तर देत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासनेत कोकणी आली, तरी लदिनीतले लॅटिन पुष्कळ ठिकाणी टिकले. अर्थ न कळता धीर कसा मिळतो, असा प्रश्न शहाणे विचारतात. पण धीर शब्दांइतकाच त्या एकसुरी उत्तरातही असतो : आपल्या घरच्या दुखण्यासाठी सगळा वाडा ‘आमच्यासाठी’ म्हणतो.

खुरसापुढच्या लदिनी मे महिन्यात विशेष होतात. ३ मे हा पवित्र क्रुसाच्या सणाचा जुना दिवस, शिवाय बाहेरगावचे गोंयकार याच सुमारास घरी आलेले असतात. खुरीस चुन्याने पांढरा होतो, झेंडूच्या माळा चढतात, मेणबत्त्या वाऱ्यापासून तळव्याने जपाव्या लागतात. गाणे संपले की उकडलेले चणे, खोबऱ्याच्या काती आणि मोठ्यांसाठी उर्राक किंवा फेणी. कित्येक खुरसांवर शेजारचे हिंदूही मेणबत्ती लावतात.

साथीच्या रोगांशी या परंपरेचे नाते जुने. मुंबईत १८९६ च्या प्लेगमध्ये ख्रिस्ती वाड्यांतून जागोजाग क्रूस उभे राहिले. २०२० मध्ये करोनामुळे गोव्यातील चर्च बंद असताना प्रार्थना पुन्हा घराघरांत परतली. त्याच वर्षी जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांनी स्तुतीत तीन नावे वाढवली : दयेची माता, आशेची माता आणि स्थलांतरितांचा दिलासा.

तिसरे नाव गोव्याला थेट लागू पडते. नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या गोंयकारांनी धोबीतलाव परिसरात गावोगावच्या ‘कुडी’ (एका गावच्या लोकांची सामायिक राहण्याची ठिकाणे) स्थापल्या. तेथे भिंतीकडेला तारवट्यांच्या पेट्या ओळीने ठेवलेल्या असत आणि जहाजाची वाट पाहणारे पुरुष संध्याकाळी त्यांच्यामधूनच आल्तारापुढे (वेदीपुढे) तेर्सासाठी (जपमाळेच्या प्रार्थनेसाठी) उभे राहत. गावच्या फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) दिवशी तिथेच लदीन होई.