बारा मैलांचं पाणी आणि दोनशे मैलांचं पाणी

देवगड-मालवणसमोर परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर दिसले की मथळा ठरलेला: 'आपल्या हद्दीत घुसखोरी'. एप्रिल २०२१मध्ये लक्षद्वीपच्या पश्चिमेला अमेरिकेची युद्धनौका फिरून गेली, तेव्हाही सगळीकडे तेच. गुजरातच्या बोटीवरचे खलाशी पाकिस्तानने धरून नेले, तरी पुन्हा हद्दच. या तिन्ही ठिकाणी पाणी वेगळं आहे, कायदा वेगळा आहे आणि दाद मागायची जागाही वेगळी आहे. सगळा समुद्र एकाच रेघेच्या आत धरल्यामुळे मच्छीमारांचे अर्ज भलत्याच कचेरीत जाऊन पडतात. हे वर्षानुवर्षं चाललं आहे आणि ते थांबायला हवं.

बारा मैलांचा पट्टा किनाऱ्यावरच्या कुणालाही शिकवायची गरज नाही. हा प्रादेशिक समुद्र. सागरी मैल १,८५२ मीटरचा असतो, म्हणजे बारा मैल साधारण २२ किलोमीटर. मोजणी ओल्या वाळूपासून होत नाही, सरकारने अधिसूचित केलेल्या आधाररेषेपासून होते. इथलं पाणी, तळ आणि वरचं आकाश यांवर भारताची सत्ता जमिनीसारखीच चालते. परकी जहाजाला मुकाट्याने, कुणाला उपद्रव न देता पार जाता येतं, तेवढीच काय ती सवलत.

घोटाळा होतो तो पुढे. त्याच आधाररेषेपासून २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, भारताचं अनन्य आर्थिक क्षेत्र आहे. आपल्या १९७६च्या सागरी क्षेत्र कायद्यात ते आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२च्या सागरी कायद्याच्या करारातही आहे, आणि भारताने तो करार १९९५ साली मंजूर केला. लोक समजतात की बारा मैलांत भारताची जी सत्ता आहे तीच पुढे दोनशेपर्यंत जरा सैल होऊन पसरलेली आहे. तसं मुळीच नाही. बाराच्या पुढे भारताच्या हाती असतो तो त्या पाण्यातल्या आणि तळाखालच्या संपत्तीवरचा हक्क: मासळी, तेल, वायू, वारा-लाटांपासूनची वीज. त्याच्या जोडीला प्रदूषण रोखण्याचा, संशोधनाला परवानगी देण्या-नाकारण्याचा आणि तेलाचे फलाट उभारण्याचा अधिकार. तिथल्या समुद्रावर राज्य करण्याचा अधिकार यात नाही.

रत्नागिरीकडे कलमांची बाग हंगामापुरती करारावर घेतात, ते आठवा. फळ करारदाराचं. दुसऱ्या कुणी आंब्याला हात लावला तर तो अडवेल, राखणदार ठेवेल, तक्रार करेल. पण बागेतून जाणारी वहिवाटीची वाट त्याला बंद करता येत नाही, आणि त्या वाटेने जाणाऱ्याला 'तू इथून का चाललास' असं दरडावताही येत नाही. बारा मैल म्हणजे राहत्या घराचं परडं, आणि पुढचे १८८ मैल म्हणजे ही करारावरची बाग.

म्हणून १०० मैलांवर परकी मालवाहू जहाज दिसलं, तर ती बातमीच नव्हे. त्याला तिथून जायचा हक्क आहे, विमानाला वरून उडायचा आहे, दुसऱ्या देशाला तळावर केबल टाकायचा आहे. त्या जहाजाऐवजी परकी ट्रॉलर असेल आणि त्याने परवानगीशिवाय जाळं सोडलं, तर मात्र गुन्हा घडला. त्यासाठी परकी मासेमारी नौकांवरचा १९८१चा स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे आणि तटरक्षक दल अशा बोटी पकडून आणतं. अशा वेळी एकच विचारायचं: ती बोट तिथे काय करत होती?

लक्षद्वीपच्या प्रकरणातही हेच विचारायला हवं होतं. ती नौका किनाऱ्यापासून सुमारे १३० मैलांवर होती. तिथून युद्धनौका जाण्याला भारताचा आक्षेप नाही. आपल्या आर्थिक क्षेत्रात परक्यांनी आपल्या संमतीशिवाय लष्करी सराव करू नयेत, ही भूमिका भारताने १९९५मध्येच लेखी नोंदवली आहे. अमेरिकेला ती मान्य नाही, आणि अमेरिकेने तर तो करारही मंजूर केलेला नाही. मला भारताची बाजू रास्त वाटते, आणि म्हणूनच 'घुसखोरी' लिहिणाऱ्यांचा राग येतो. जो दावा आपलं सरकारही करत नाही तो ठोकून दिला की आपला खरा, टिकणारा मुद्दा झाकला जातो.

आता कोकणातल्या भांडणाकडे. आपल्या संविधानात मत्स्यव्यवसाय हा राज्यांचा विषय आहे, पण प्रादेशिक समुद्रापलीकडची मासेमारी केंद्राच्या यादीत आहे. महाराष्ट्राचा १९८१चा सागरी मासेमारी नियमन कायदा, पर्ससीनवर (मासळीच्या थव्याला वेढून आवळायच्या मोठ्या जाळ्यांवर) २०१६ साली घातलेले निर्बंध, ट्रॉलरला ठरावीक वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) खोलीच्या पाण्याच्या आत केलेली बंदी, मत्स्य विभागाची गस्ती नौका, हे सगळं बारा मैलांच्या आतलं. नऊ मैलांवर कर्नाटकातल्या मलपीचा ट्रॉलर दिसला तर राज्याच्या मत्स्य विभागाने त्याला धरलाच पाहिजे, तिथे टाळाटाळ ऐकून घेऊ नका. तोच ट्रॉलर वीस मैलांवर असेल, तर तो भारतीय बोट म्हणून भारताच्या आर्थिक क्षेत्रात आहे. तिथे त्याला केंद्राचे नियम लागतात. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली ती याच पट्ट्यात, आणि २०२५च्या नोव्हेंबरमध्ये आर्थिक क्षेत्रातल्या यांत्रिक नौकांसाठी प्रवेश-परवान्याचे नवे नियमही केंद्रानेच आणले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तमिळनाडूच्या पर्ससीनवाल्यांना अंतरिम मुभा दिली, तीही बारा मैलांच्या बाहेर आणि आठवड्यातून दोनच दिवस. ही रेघ न्यायालय इतकी काटेकोर पाळतं, आणि आपल्या निवेदनांत मात्र मैलांचा आकडाच नसतो.

राज्याचा हात किती लांब पोचतो ते केरळच्या प्रकरणात उघड झालं. फेब्रुवारी २०१२ मध्ये इटलीच्या तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांनी दोन भारतीय मच्छीमारांना गोळ्या घातल्या, त्या किनाऱ्यापासून २०.५ मैलांवर. केरळ पोलिसांनी आरोपींना अटक केली. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तिथे केरळचा अधिकार पोचत नाही, खटला केंद्राने चालवावा.  

तेलाचं गणित याहून निराळं. मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, म्हणजे बारा मैलांच्या कितीतरी बाहेर. 'महाराष्ट्राचं तेल' म्हणणाऱ्यांनी संविधानाचं कलम २९७ वाचावं. समुद्राखालची खनिजं बारा मैलांच्या आतलीसुद्धा केंद्राकडेच आहेत. मासळीत राज्याला जो वाटा मिळाला, तो खनिजात मिळालेला नाही.

शेजारी देशांशी सागरी वाद समजायला कोकणी माणसाला जड जातं, त्याला भूगोलही कारण आहे. आपल्या समोर ओमान आहे, पण दोन्हीकडचे दोनशे-दोनशे मैल मोजले तरी मधे खुला समुद्र उरतो. आपली रेघ कुणाच्याच रेघेला भिडत नाही. जिथे भिडते तिथे बसून वाटणी करावी लागते. श्रीलंकेशी ती १९७४ आणि १९७६च्या करारांनी झाली. बांगलादेशाशी लवादाने ७ जुलै २०१४ रोजी केली आणि वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ चौरस किलोमीटर त्यांच्या वाट्याला दिले. भारताने तो निवाडा मानला, आणि शेजाऱ्याशी वागण्याची हीच रीत मला योग्य वाटते. त्या वाटणीतला बहुतेक भाग मासळी आणि वायूच्या हक्काचा होता. एका छोट्या तुकड्यात तर तळ बांगलादेशाचा आणि वरच्या पाण्यातली मासळी भारताची, असा निकाल आहे. हद्द एकच समजणाऱ्याला हा तुकडा कधी उमगणारच नाही.

पाकिस्तानशी मात्र रेघच ठरलेली नाही. कच्छजवळच्या सर क्रीक या खाडीच्या मुखाशी जमिनीची सीमा कुठे संपते हे दोन्ही देशांनी मान्य केलेलं नाही, त्यामुळे समुद्रातली रेघ कुठून सुरू करायची इथेच घोडं अडतं. त्याचा फटका पालघर जिल्ह्यातल्या घरांना बसतो, कारण डहाणू-तलासरीकडची माणसं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात आणि कराचीच्या तुरुंगात अडकतात.

सागरी कायद्याच्या करारातलं कलम ७३ सांगतं की आर्थिक क्षेत्रात मासेमारीचे नियम मोडले, तर दोन देशांत तसा वेगळा करार असल्याशिवाय कैदेची शिक्षा देता येत नाही. बोट आणि माणसं वाजवी हमी घेऊन लवकर सोडायची असतात. भारत आणि पाकिस्तान दोघांनीही हा करार स्वीकारला आहे. प्रादेशिक समुद्रात पकडलं तर हे संरक्षण लागू होत नाही. म्हणजे बोट किनाऱ्यापासून दहा मैलांवर होती की चाळीस, यावर त्या खलाशाची बाजू किती भक्कम हे ठरतं. दोन्ही देश दर १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. तुरुंगांना भेट देणारी निवृत्त न्यायाधीशांची संयुक्त समितीही होती, पण तिची शेवटची भेट २०१३ची.

खलाशाच्या घरच्यांनी अर्ज करताना बोटमालकाकडून पकडल्या जागेचे अक्षांश-रेखांश लेखी मागून घ्यावेत आणि ते पहिल्याच ओळीत लिहावेत. मालवणच्या मच्छीमार सोसायट्यांनी ट्रॉलरच्या तक्रारीत जीपीएसचा आकडा आणि वेळ घालावी. आकडा बाराच्या आत असेल तर अर्ज मत्स्य विभागाच्या सहायक आयुक्तांकडे, बाहेर असेल तर तटरक्षक दल आणि केंद्राच्या मत्स्य विभागाकडे.