घड जिरू नये म्हणून: नाशिकच्या सेंद्रिय वाइन बागेचे एक वर्ष

द्राक्षवेल मुळात थंड हवेची. युरोपात हिवाळा आला की ती पाने टाकते, झोपी जाते आणि वसंतात जागी होते. तिथे वर्षातून एकदा छाटणी केली की भागते. नाशिकला ती झोपतच नाही. सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर थंडी पडते खरी, निफाडचा पारा अधूनमधून बातम्यांतही झळकतो. पण वेलीला गाढ झोपवण्याइतकी ती सलग टिकत नाही. म्हणून आपल्याकडे वेलीचे वर्ष कात्री ठरवते. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी बहार छाटणी. फळ एकदाच घ्यायचे, छाटायचे मात्र दोनदा.

सेंद्रिय बाग म्हणजे काहीही न फवारता आपोआप पिकणारी बाग, असा एक गोड समज आहे. तो काढून टाकल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. रासायनिक बागेत एखादी वेळ हुकली, तर ती सावरून घ्यायला वाढ कमी-जास्त करणारी संजीवके आहेत, वेलीच्या आत शिरून काम करणारी आंतरप्रवाही बुरशीनाशके आहेत. सेंद्रिय बागेत ही सोय जवळजवळ नाही. इथे प्रत्येक निर्णय त्याचा परिणाम दिसण्याच्या कितीतरी आधी घ्यावा लागतो.

सगळ्यात मोठा निर्णय बागेत एकही घड नसताना होतो. खरड छाटणीत ओलांड्यावर, म्हणजे तारेवरच्या कायमच्या आडव्या फांदीवर, एखादा डोळा ठेवून मागच्या हंगामाच्या काड्या काढून टाकतात. एप्रिल-मेच्या उन्हात नव्या काड्या फुटतात आणि त्यांच्या प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा तयार होतो. साधारण दुसऱ्या महिन्यात त्या डोळ्याच्या आत काही पेशींचा एक पुंजका उभा राहतो, आणि त्याचे पुढे काय होणार हे तेव्हा ठरलेले नसते. त्याचा घड होऊ शकतो किंवा तारेला विळखा घालणारी बाळी. द्राक्षात घड आणि बाळी ही एकाच अवयवाची दोन रूपे आहेत. सायटोकायनिन या संजीवकाचा जोर असला की पुंजका घडाकडे झुकतो, जिबरेलिनचा असला की बाळीकडे. जोमाने, सरळसोट, सावलीत वाढणाऱ्या काडीत जिबरेलिन वरचढ राहते. डोळ्यावर ऊन पडत असेल, वाढ थोडी आवरलेली असेल, तर घड धरण्याची शक्यता वाढते.

रासायनिक बागेत या काळात वाढ रोखायला सीसीसी आणि घडनिर्मितीला हातभार म्हणून ६-बीए, युरासिल फवारतात. सेंद्रिय बागायतदाराकडे उरते ती कात्री, पाण्याचा कॉक आणि शेणखताचा हिशेब. तो जास्तीच्या काड्या लवकर विरळतो, शेंडा मारतो, फेलफुटी म्हणजे बगलेतले फुटवे काढतो, म्हणजे प्रत्येक डोळ्यापर्यंत ऊन पोहोचते. पाणी किंचित तोडतो. नत्र देणाऱ्या खतांना या दिवसांत हात आखडता घेतो. छाटणी एप्रिलच्या सुरुवातीलाच उरकायची घाईही यासाठीच असते. ती लांबली तर डोळ्यांतली घडनिर्मिती मृगाच्या ढगांखाली सापडते, आणि पुढच्या जानेवारीतले पीक जूनमध्येच कमी होते.

हे सगळे डोळ्यांनी बघता येते. गोडी बहाराच्या छाटणीआधी बागेतल्या निवडक काड्या प्रयोगशाळेत नेऊन तपासायची पद्धत नाशिक भागात रुळलेली आहे. सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यावरची तपकिरी खवले एकेक करून सोलायची. आत पांढरट लव, आणि लव बाजूला सारली की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसणारा, मिलिमीटरभराचाही नसलेला सूक्ष्म घड. तो काडीच्या तळापासून कितव्या डोळ्यात आहे हे कळले की छाटणी कुठे घ्यायची ते ठरते. काही डोळ्यांत गड्ड्याऐवजी नुसती दोन फाट्यांची काडी दिसते, ती बाळी. सूक्ष्म घड दिसला म्हणजेही काम संपले असे नाही. छाटणीनंतर फूट निघताना वेलीत साठा कमी पडला, ढगाळ हवा राहिली किंवा मुळे पाण्यात गुदमरली, तर तयार घडसुद्धा मागे फिरून बाळी होतो. यालाच बागायतदार घड जिरणे म्हणतात. ज्याने ते एकदा पाहिले आहे, तो पावसाळ्यात पानांना जिवापाड जपतो, कारण काडीत आणि मुळांत साठणारे पिष्ट त्या पानांनीच कमावलेले असते.

आणि पावसाळ्यात पानांचा शत्रू एकच मोठा, डाऊनी म्हणजे केवडा. तो खऱ्या अर्थाने बुरशी नाही. प्लास्मोपारा व्हिटिकोला हा जीव पाण्यात राहणाऱ्या शैवालांच्या दूरच्या नात्यातला आहे आणि त्याची सवय अजून पाण्याचीच आहे. पानावर पाण्याचा पातळ थर असला की त्याचे चल बीजाणू दोन शेपट्या हलवत अक्षरशः पोहतात, पानाच्या खालच्या बाजूचे रंध्र गाठतात आणि आत शिरतात. काही दिवसांनी वरून तेलकट पिवळा डाग दिसतो. सकाळी दव असताना तेच पान उलटले तर डागाच्या बरोबर खाली पांढरी कापसी लव असते. तिथून पुढची पिढी निघते.

हा रोग अमेरिकेतून १८७८च्या सुमारास फ्रान्समध्ये पोहोचला आणि तिथल्या बागा बसू लागल्या. बोर्दोजवळच्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे निळसर पाणी शिंपडत, जाणाऱ्या-येणाऱ्यांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून. १८८२मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ प्येर-मारी-अलेक्सिस मियार्दे यांच्या लक्षात आले की नेमक्या याच वेलींची पाने शाबूत आहेत. १८८५मध्ये त्यांनी मिश्रणाचा शोध प्रसिद्ध केला. तेच आपले बोर्डो मिश्रण. एक टक्क्याचे करायचे तर १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि साधारण तितकाच चुना. सेंद्रिय शेतीत आजही ते चालते. तांब्याचे आयन बीजाणूला पोहत असतानाच मारतात, पण पानाच्या आत शिरलेल्या रोगाला हातही लावू शकत नाहीत. म्हणजे फवारणी पावसाआधी झाली तरच उपयोग. नंतर केली तर फक्त पान निळे होते.

तांबे सेंद्रिय शेतीत चालते म्हणून निरुपद्रवी आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. ते कुजत नाही, विरत नाही, मातीच्या वरच्या थरात साठत जाते आणि गांडुळांना व जिवाणूंना त्रास देते. युरोपीय संघाने म्हणूनच सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांबे अशी मर्यादा घातली आहे. भुरी या पांढऱ्या पुडीसारख्या दिसणाऱ्या रोगासाठी गंधक, बॅसिलस सबटिलिससारखे जिवाणू आणि अँपेलोमायसिस ही भुरीवरच जगणारी बुरशी, मिलीबग या किडीसाठी क्रिप्टोलीमस हे भुंगेरे, अशी जिवंत फौज उभी करण्यामागे हेही कारण आहे. ओळींमधल्या जागेत ताग किंवा धैंचा पेरून तो जमिनीत गाडला की नत्र हळूहळू सुटते. त्या नत्राचे काय होते, ते वायनरीत कळते.

गोडी बहाराच्या छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून इतर बागांत हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. हे रसायन हाताळणाऱ्यालाही घातक आहे आणि सेंद्रिय प्रमाणपत्रात त्याला जागा नाही. तेव्हा छाटणीआधी पाणी तोडायचे, पाने हाताने काढायची, डोळे बेताचे ठेवायचे. एवढे करूनही फूट थोडी मागेपुढे होतेच, आणि मग काढणीही एका झपाट्यात न होता टप्प्याटप्प्याने करावी लागते. त्यातच ऑक्टोबर-नोव्हेंबरचा अवकाळी. २०१९मध्ये तो नेमका फुटीच्या आणि फुलोऱ्याच्या वेळी कोसळत राहिला, आणि रासायनिक बागांनाही डाऊनी आवरला नाही.

एका बाबतीत मात्र वाइनची द्राक्षे सेंद्रियाला खाण्याच्या द्राक्षांपेक्षा जवळची आहेत. खाण्याच्या द्राक्षाचा मणी जिबरेलिक आम्लात घड बुडवून फुगवावा लागतो, त्यावर डाग चालत नाही. शेनिन ब्लाँ किंवा शिराझचा मणी लहानच हवा असतो. रंग, टॅनिन आणि वासाचा मोठा भाग सालीत असतो, आणि मणी लहान असेल तर रसाच्या मानाने साल जास्त मिळते. मला तर वाटते, नाशिकमध्ये सेंद्रिय द्राक्षाची सुरुवात वाइनच्या वाणांपासून व्हावी.

डिसेंबरात मण्यांत पाणी उतरते. तोवर कडक, हिरवा असलेला मणी मऊ पडतो, साखर भरू लागते आणि मॅलिक आम्ल घटू लागते. हे आम्ल मणी श्वसनात जाळतो, आणि हवा जितकी गरम तितके ते लवकर जळते. नाशिकच्या थंड रात्री इथे कामी येतात. जानेवारी ते मार्च ही काढणीची वेळ. बागेत रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकून ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचे माप, बघतात. साधारण २२ ते २४ झाले की साखरेपुरते फळ तयार. लिटरमधल्या सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क होतो, त्यामुळे वाइन किती कडक होणार हे बागेतच समजते. पण नुसती साखर बघून थांबले तर आम्ल निसटते, आणि सेंद्रिय वाइनमध्ये आम्ल निसटणे फार महागात पडते. ते कसे, हे पुढे.

पहाटे, गारव्यात तोडलेली द्राक्षे वायनरीत येतात. सालीवर रानटी यीस्ट भरपूर असतात, पण वाइन पूर्ण करणारे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी निरोगी मण्यावर जवळजवळ नसतेच. मॉर्टिमर आणि पोल्सिनेली या शास्त्रज्ञांना १९९९मध्ये हजारात एखाद्या मण्यावर ते सापडले, फुटलेल्या मण्यांवर मात्र चारात एकावर. २०१२मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवून दिले की गांधीलमाश्या ते यीस्ट आतड्यात वर्षभर जपतात आणि पुढच्या पिढीलाही देतात. तरीही बहुतेक वायनऱ्या भरवशासाठी तयार यीस्टच वापरतात.

बागेतले सगळे हिशेब टाकीत उघडे पडतात. नत्र कमी पडले असेल तर यीस्ट उपाशी राहते, आंबणे मध्येच थांबते, कुजक्या अंड्यासारखा वास येतो. काढणीच्या तोंडावर गंधक मारले असेल तरी तोच वास. तांबे जास्त झाले असेल तर सोविन्याँ ब्लाँचा पेरू-पॅशनफ्रूटसारखा सुगंध मारला जातो, कारण ती गंधकयुक्त सुगंधी द्रव्ये तांब्याला चिकटतात.

राहिला सल्फाइटचा प्रश्न. वाइनचे ऑक्सिडेशन आणि नको ते जिवाणू रोखायला सल्फर डायऑक्साइड घालतात. युरोपीय संघाच्या २०१२च्या नियमांनुसार कोरड्या सेंद्रिय रेड वाइनमध्ये ते लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत चालते, इतर रेड वाइनमध्ये १५०. व्हाइटसाठी हेच आकडे १५० आणि २०० आहेत. अमेरिकेत ‘सेंद्रिय वाइन’ असे लिहायचे तर वरून अजिबात घालता येत नाही. मुळीच सल्फाइट नसलेली वाइन मात्र जवळपास नसतेच, कारण यीस्ट स्वतःही थोडे तयार करते.

आता आम्लाकडे. सल्फर डायऑक्साइडचा जो भाग जंतूंना मारतो त्याचे प्रमाण सामूवर (पीएच) अवलंबून असते, आणि आम्ल घटले की सामू वाढतो. सामू ३.२ असेल तर मुक्त सल्फाइटपैकी सुमारे चार टक्के कामाचे, ३.८ असेल तर जेमतेम एक टक्का. म्हणजे काढणी आठवडाभर लांबून आम्ल गेले की त्याच संरक्षणासाठी कितीतरी जास्त सल्फाइट लागते, आणि सेंद्रियची मर्यादा तर आधीच खाली. कमी सल्फाइटची वाइन खरी तयार होते ती तोडणीचा दिवस ठरवताना.

विकत घेणाऱ्यासाठी एवढेच की, अशी बाटली मे महिन्यात स्वयंपाकघराच्या फडताळात ठेवू नये. ४० अंशांच्या उन्हाळ्यात तिचे तुटपुंजे संरक्षण झपाट्याने संपते. व्हाइट असेल तर फ्रिजमध्ये ठेवावी, काढणीचे वर्ष बघून ताजी असतानाच प्यावी, आणि उघडल्यावर दोन-तीन दिवसांत संपवावी.